वीस सेकंद उरले असताना

अमरावतीच्या राजकमल चौकातल्या घड्याळवाल्याकडे त्या नंबरचा एकच सेल उरला होता, आणि त्याच्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसरा कुणाचा, ते पाहायलाही मी वर बघितलं नाही. सरळ म्हटलं, "मी आदी आली होती."

"आल्या होत्या, मी कुठं नाई म्हनतो?" हाताचा मालक म्हणाला. "पन तुमी पर्समधी शोधाशोध करून राहिल्या होत्या. सेल मी मांगतला."

आता मात्र मी वर पाहिलं. उंच, सावळा, कपाळावर घामाचे थेंब. नोव्हेंबरात घाम! आणि हाताला संत्र्याच्या सालीचा वास. मला एकदम काय बोलावं ते सुचेना, आणि मला न सुचणं ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. अकोल्यातलं कुणीही सांगेल.

"हे पाहा," मी म्हटलं, "मले उद्या सकाळी नऊले हा सेल लागते. स्टॉपवॉचमधी. माह्यं उद्या इंटरनॅशनल काम आहे."

"इंटरनॅशनल?" त्याने भुवया वर नेल्या. "अरे बापा! मंग घ्या. देशाच्या इज्जतीचा सवाल आहे."

त्याने सेल माझ्या तळहातावर ठेवला आणि निघून गेला. मी जिंकले होते. तरी दुकानातून बाहेर पडताना मला उगाचच हरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊला मी हॉलमध्ये पोचले, टेबलावर माझ्या नावाची पाटी शोधली आणि खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत तोच बसला होता. निवांत संत्रं सोलत.

"नमस्कार," तो म्हणाला. "चंदन. चोवीस सेकंदांचं घड्याळ माह्याकडं. तुमी रागिणी न, मेन घड्याळवाल्या? सेल बरोबर चालते न?"

"तुमाले... तुमालेबी त्याच कामासाठी पायजे होता?"

"हो न. मंग रातच्याला भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून प्रॅक्टिस केली. घ्या, संत्रा घ्या."

मी संत्रं घेतलं नाही. म्हणजे, पहिल्या दिवशी घेतलं नाही.

आता हे टेबल काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या टेबलावरच झालं. सोळा वर्षांखालच्या मुलींची दक्षिण आशियाई गटाची बास्केटबॉल स्पर्धा होती. सहा देश. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, पाच दिवसांत, आणि पहिला येणारा एकच संघ आशियाच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे पासपोर्ट तपासून प्रत्येक देशाची बारा-बारा नावं पक्की झालेली. अशा स्पर्धेत रेफरी असतात तिऱ्हाईत देशांचे. जॉर्डनचा, कझाकस्तानचा, फिलिपिन्सचा. पण मैदानाकाठचं टेबल, म्हणजे गुण लिहिणारे, वेळ मोजणारे, ते यजमानांच्या गावचेच असतात. पाहुण्यांना आपल्या घरच्या घड्याळावर भरवसा ठेवावा लागतो.

म्हणून तर टेबलाच्या मधोमध कमिशनर बसतात. आमच्या कमिशनर मलेशियाच्या होत्या, साठीच्या, बारीक कुरळ्या केसांच्या. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला इंग्रजीत ऐकवलं, "या टेबलाला देश नाही. टाळ्या नाहीत. खेळ चालू असताना कामाशिवाय एक शब्द नाही."

माझ्यासाठी यात नवीन काहीच नव्हतं. माझे बाबा, किसनराव, अकोल्याच्या बाजारात अडतीस वर्षं मापारी होते. कापूस, तूर, हरभरा — शेतकरी एका बाजूला, व्यापारी दुसऱ्या बाजूला आणि मधे काट्यावर बाबा. ते म्हणायचे, "काट्यावर हात असला का तोंड बंद ठेवाव. देवानं हाक मारली तरी." मी स्वतः अकोल्यात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. शंभरातले किती दाणे उगवले, ते मोजते. गप्प राहून मोजायचं, हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलेलं आहे.

चंदनच्या घरात तसं काही पाजलेलं दिसत नव्हतं.

खेळ चालू असताना तो शहाण्यासारखा गप्प बसायचा, बोटं दोन बटणांवर. एक चोवीसचं, एक चौदाचं. चेंडू हातात आलेल्या संघाला तो चोवीस सेकंदांत बास्केटकडे टाकायचाच असतो. टाकलेला चेंडू कड्याला लागून परत त्याच संघाच्या हातात आला, तर मात्र पुन्हा चोवीस मिळत नाहीत, फक्त चौदा. हे ज्याला झोपेतही कळतं त्यालाच त्या खुर्चीत बसवतात. आणि चंदनला कळत होतं. त्याची बोटं फार सुंदर काम करायची... हे मी अर्थातच तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

पण मध्यंतर झालं की सुरू.

"रागिणीजी, एक शंका आहे. शाळेत खेळाचा मास्तर आहो मी, पन इंटरनॅशनलचं आपल्याले कमी समजते."

"विचारा."

"सहापैकी एकच पुढं जाते?"

"एकच."

"आन् बाकीचे?"

"बाकीचे आपापल्या घरी."

"लय कठोर कायदा आहे बापा." त्याने टेबलाखालून संत्र्याच्या दोन फोडी पुढे केल्या. "म्हंजे दुसऱ्या नंबरवाल्याले काईच नाई?"

"पुढच्या वेळेस प्रयत्न कराव म्हना," मी म्हटलं, आणि फोडी घेतल्या. तो दुसरा दिवस होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे गिला वडा खायला बाहेर गेलो. टेबलाची बाकीची माणसं पुढे, आम्ही दोघं कसे कोण जाणे मागे. दह्याने बोटं बरबटलेली, तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी. आणि हा विचारतो, "पासपोर्टाचं काय असते? दुसऱ्या देशाच्या पोट्टीले आपल्या संघात घेता येते का?"

"मोठ्यांच्या संघात एकीलेच. सोळा वर्षांनंतर जिनं आपला पासपोर्ट घेतला अशी संघात एकच चालते."

"म्हंजे समजा, अमरावतीच्या मानसाले अकोल्याचं नागरिकत्व पायजे असनं..."

"चंदन!"

"नाई, नियम विचारून राहिलो."

"एक नियम आयकून ठेवा मंग," मी ठसक्यात म्हटलं. "मोठ्यांच्या स्पर्धेत एकदा का एका देशाकडून खेळलं, का मंग जल्मभर दुसऱ्याकडून खेळता येत नाई."

तो थांबला. हातातला द्रोण खाली ठेवला. आणि माझ्याकडे असं पाहिलं की माझा तिखटाचा ठसका एकदम बंद झाला.

"मले चालते," तो म्हणाला. "तुले?"

तुले! तीन दिवसांत तुमचं तू! मी इतकी चकित झाले की रागवायचंच विसरले. परत येऊन खुर्चीत बसले, तर हातातल्या स्टॉपवॉचवर दह्याचं बोट उमटलेलं.

चौथ्या दिवशी त्याने सरळच विचारलं. हॉलच्या पायऱ्यांवर ऊन आलं होतं, तो बुटाची नाडी बांधत होता, वर न बघता म्हणाला, "रविवारी अकोल्याले येऊ का? तुह्या बाबाशी बोलाले."

"काय बोलाले?"

"आता थेबी मीच सांगू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर तिसऱ्या दिवशीच, द्रोण खाली ठेवला तेव्हाच तयार झालं होतं. पण मी मापाऱ्याची पोर. म्हटलं, "स्पर्धा संपू दे. मंग सांगीन."

"उद्या संपते."

"मंग उद्या."

शेवटच्या दिवशी हॉल इतका भरला की लोक पायऱ्यांवर बसले. भारत आणि श्रीलंका, दोघांनीही चार-चार सामने जिंकलेले. हा जो जिंकेल तो आशियाला जाणार, दुसरा घरी. आणि आपल्या संघातलं बारावं नाव होतं हर्षाचं. जवळच्या चांदूर रेल्वेची, पंधरा वर्षांची, दोन वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या. अख्खं चांदूर ट्रकमध्ये बसून आलं होतं. तिच्या हातात चेंडू आला की छताचे पत्रे वाजायचे.

टेबलाला देश नसतो. मी हाताची घडी घातल्यासारखी बसले होते, फक्त उजवा अंगठा बटणावर.

एकतीस सेकंद उरले असताना श्रीलंका अठ्ठावन, भारत सत्तावन. आपल्या प्रशिक्षकांनी वेळ मागितली. साठ सेकंदांची विश्रांती. कमिशनर बाई उठून श्रीलंकेच्या बाकाकडे गेल्या, तिथे कुणीतरी रेषेबाहेर येऊन ओरडत होतं. चंदन माझ्याकडे झुकला.

"रागिणी. हे संपलं का तू गाडीत बसशीन. सांग न. येऊ का रविवारी?"

मी स्टॉपवॉचकडे पाहत राहिले. चाळीस... पन्नास... शिट्टी झाली. खेळ सुरू.

आपल्या मुलीने चेंडू टाकला. तो हवेत होता. हॉलमधली सगळी माणसं उभी होती, कुणी श्वास घेत नव्हतं, आणि माझ्या आतलं ते पाच दिवस दाबून ठेवलेलं — मला शपथेवर सांगता येणार नाही कसं — तोंडातून बाहेर पडलं.

"ये," मी म्हटलं.

एवढंच. चेंडू कड्यावर आदळला, उडाला, हर्षाने उडी मारून पकडला. घड्याळात वीस सेकंद. आता भारताला नवे चौदा मिळणार. मी सवयीने वर बघितलं, चंदनच्या घड्याळाकडे.

घड्याळ काळं होतं.

चौदा नाही, काहीच नाही. त्याचं बोट चोवीसवर पडलं होतं. आणि सामन्याचे वीसच उरले असताना चोवीस दाबलं, तर यंत्र आकडा दाखवतच नाही. शेवटच्या सेकंदांत घड्याळ बंद दिसणं नेहमीचंच, म्हणून कुणालाच खटकलं नाही. रेफरींना नाही, बाकांवर नाही. खेळणाऱ्या मुलींना वाटलं, शेवटपर्यंतचा वेळ आपलाच. कमिशनर बाई नुकत्याच खुर्चीकडे परतत होत्या. हे पाहणारी फक्त दोन माणसं होती, आणि दोघंही दगड झाली होती. सहा सेकंद उरले, तेव्हा भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही. हर्षाने शेवटच्या सेकंदाला चेंडू टाकला. गेला. माझ्या अंगठ्याखाली वेळ संपली.

एकोणसाठ–अठ्ठावन. भारत जिंकला.

पुढच्या दोन मिनिटांत काय गोंधळ झाला ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. ढोल. हर्षा कुणाच्या तरी खांद्यावर. गुलाल, हॉलमध्ये! आणि माझ्यासमोर सरकवलेला गुणांचा कागद, सहीसाठी. आधी टेबलावरच्यांनी सह्या करायच्या, मग दोन रेफरींनी, सगळ्यात शेवटी मुख्य रेफरीने. त्याची सही झाली की सामना संपला, मग ब्रह्मदेव आला तरी निकाल बदलत नाही. कागदावर एक चौकट असते: कप्तानाची सही, तक्रार असल्यास. पंधरा मिनिटांच्या आत करायची. ती चौकट रिकामी होती. श्रीलंकेची सात नंबरची कप्तान जमिनीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती आणि रडत होती. तक्रार करायला तिला माहीत तर हवं, कशाची!

"मले दिसलं," चंदन पुटपुटला. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा. "चौदा दाबाले गेलो... बोट... आन् मंग ओरडाले पायजे होतं, त तोंडच उघडेना."

"मलेबी दिसलं."

"आपन सांगतलं त हर्षा..."

तो ढोलाच्या दिशेने बघायला लागला. मीही खांद्यावरच्या त्या दोन वेण्यांकडे बघत होते. खरं सांगते, लपवून काय करू? पेन माझ्या बोटांत होतं आणि बोटं सही करायला निघाली होती. कुणालाही कधीही कळलं नसतं. हर्षा आशियाला गेली असती. आमचे टेबलावर बसायचे परवाने राहिले असते. चंदन रविवारी पेढे घेऊन अकोल्याला आला असता, आणि आम्ही दोघांनी तो काळा चौकोन आयुष्यभर एकमेकांच्या डोळ्यांत पाहिला असता.

मी पेन ठेवलं आणि उभी राहिले.

"मॅडम, माझी चूक आहे."

"मॅडम, माझी चूक आहे." हा चंदन. त्याच क्षणी, तेच शब्द, तोही उभा.

कमिशनर बाईंनी चष्मा काढला. "एका वेळी एकाने," त्या म्हणाल्या.

चंदनने सांगितलं. चौदाऐवजी चोवीस. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. त्यांनी हाताने मुख्य रेफरीला बोलावलं, त्याचं टोपण काढलेलं पेन थांबवलं. "पण का?" त्यांनी चंदनला विचारलं. "चार दिवस तुझी एक चूक नाही."

"झाली," तो म्हणाला. "माझंच लक्ष..."

"खोटं बोलून राहिला थो!" मी मराठीतच ओरडले, मग इंग्रजीवर आले. "मी त्याच्याशी बोलले. चेंडू हवेत असताना."

"काय बोललीस?"

टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुण लिहिणारा, त्याचा मदतनीस, जॉर्डनचा रेफरी. कानशिलं इतकी तापली की मला वाटलं, आता इथेच जमीन फाटावी.

"मी म्हटलं... 'ये'."

"म्हणजे?"

"म्हणजे, त्याने यावं."

"कुठे?"

"अकोल्याला."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चंदनकडे, मग छताकडे. बावीस वर्षं असल्या टेबलांवर काढलेल्या बाईंना धक्का बसलेला मी पाहिला, आणि तो माझ्यामुळे बसला. मग त्यांनी गुणांचा कागद उलटा केला. पाठीमागे अहवालाची जागा असते. त्यांनी इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं: 'सामन्याचे वीस सेकंद उरले असताना वेळाधिकारी चोवीस-सेकंद घड्याळाच्या चालकाशी बोलली. उच्चारलेला शब्द: ये. अर्थ: चालकाने अकोला या गावी यावे.'

"सही कर," त्या म्हणाल्या.

मी केली. तिच्याखाली चंदनने केली. माझ्या मनातली सगळ्यात खाजगी गोष्ट, अशी सहीशिक्क्याने, आंतरराष्ट्रीय कागदावर गेली.

रेफरींनी थेट प्रक्षेपणाचं चित्रीकरण पाहिलं, बोटांवर सेकंद मोजले. मग दोन्ही संघांना पुन्हा मैदानात बोलावलं. बास्केट रद्द. घड्याळात सहा सेकंद, चेंडू श्रीलंकेचा. हॉल एकदम शांत झाला; लोकांना कळलंच नाही, की कळून घ्यायचं नव्हतं. मग शिव्या सुरू झाल्या. "घरच्याच लोकायनं घात केला!" कुणीतरी मागून ओरडलं. टेबलावर दुसरी माणसं बसवली, आम्ही दोघं भिंतीपाशी उभे.

सहा सेकंद. आत फेकलेला चेंडू हर्षाने पळवला! ती अर्धं मैदान धावली, टाकला... कड्यावर फिरला, फिरला आणि बाहेर पडला.

अठ्ठावन–सत्तावन. श्रीलंका आशियाला.

मी तोंडावर हात धरून उभी होते, तेव्हा हर्षा आली. घामाने भिजलेली, गालावर मघाचा गुलाल, पाण्याने ओघळलेला. मला वाटलं थुंकेल. थुंकली असती तरी मी पुसलं नसतं.

"ताई," ती म्हणाली, "घड्याळ बंद होतं. मले वाटलं वेळ आहे. चौदा दिसलं असतं त मी आदीच मारला असता न."

श्रीलंकेचंच नाही, मी तिचंही काहीतरी नेलं होतं, आणि ते सहा सेकंद खेळवून परत मिळण्यासारखं नव्हतं.

तिने नाक पुसलं. "पुढच्या खेपेले टेबलावर बोलजा नका," ती म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी चंदन बसस्टँडपर्यंत सोबत आला. बस हलली तेव्हा त्याने हात वर केला, पण तो निरोपाचा होता की कशाचा, ते मला कळलं नाही.

घरी बाबांनी मोबाइलवर सगळं पाहिलं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. जेवायला बसले की ताटाकडे बघायचे. मी समजले, देश हरला म्हणून. किंवा त्या मुलामुळे. शनिवारी बास्केटबॉल संघटनेचा निरोप आला: दोघांचेही परवाने एक वर्षासाठी बंद, आणि यापुढे दोघांना एका टेबलावर बसवू नये. मी तो निरोप चार वेळा वाचला. पाच दिवसांचं त्याचं इंटरनॅशनल, माझ्या एका शब्दाने संपलं होतं. आता कशाला येईल तो? मीच त्याच्या जागी असते तर आले असते का? रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि स्वतःवरच चिडले की रडतेय कशाला, तराजू बरोबर झाला ना!

रविवारी अकरा वाजता मी ओट्याच्या आतल्या बाजूला मांडीवर ताट घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फाटक वाजलं.

चंदन. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. उंबऱ्याबाहेर येऊन थांबला, एक चप्पल काढली, आणि समोर बाबांना पाहून दुसरी पायातच राहिली.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोन?" बाबा म्हणाले.

"मी चंदन, काका. अमरावतीचा. थे... चोवीस सेकंदवाला."

"चौदा," बाबा म्हणाले. "चौदा दाबाचं होतं न?"

"हो काका. चौदा."

"मंग? काहून आले?"

चंदनने माझ्याकडे पाहिलं. मग सरळ बाबांकडे. "रिपोर्टात लिवलं आहे, काका. मी अकोल्याले याव म्हनून. सही आहे दोघायची."

बाबा माझ्याकडे वळले. चार दिवसांत पहिल्यांदा. मी संघटनेच्या निरोपासोबत आलेला त्या कागदाचा फोटो मोबाइलवर काढून पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचलं. आत आईच्या हातातला झारा थांबलेला मला ऐकू आला.

"रागिणे," बाबा म्हणाले. "काट्यावर हात असतानी बोलली तू?"

देश नाही, पोरगा नाही — मोबाइलवर माझे ओठ हललेले त्यांनी पाहिले होते, आणि चार दिवस त्यांच्या घशात अडकलेलं होतं ते हे!

"बोलली, बाबा."

"अडतीस वरसं. तुही आजी गेली थो निरोप आला, तईबी मी पोतं उतरेपर्यंत तोंड नाई उघडलं. आन् तू..."

"चुकली, बाबा. पन मंग सांगतलं न मी. समद्यांसमोर."

चंदन एका पायात चप्पल घालून तसाच उभा, पिशवी दोन्ही हातांनी धरून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. शेवटी बाबांनी मोबाइल खाली ठेवला.

"माप चुकलं त काय करतात, सांग."

"पुन्हा मापतात."

"आन् चुकीचं माप?"

"धरत नाई."

"मंग हे नाई धरत मी," त्यांनी फोटोकडे बोट केलं. "काम करतानी निंगालेला शब्द आहे हा. पोट्टं तेवढ्याच्या भरवशावर इतक्या दूर आलं. ठेव थे ताट खाली. हात पूस. आन् आता रिकाम्या हातानं सांग, काय सांगाचं थे."

मी ताट खाली ठेवलं. ओढणीला हात पुसले, एकदा, परत एकदा. हॉलभर माणसांसमोर, तीन देशांच्या रेफरींसमोर उभी राहिलेली मी — माझा आवाजच फुटेना. डोळे भरून आले. समोर चंदन. कपाळावर घामाचे थेंब, नोव्हेंबरात. तो काही विचारत नव्हता, नुसता थांबला होता, आणि त्याला कुठल्याच घड्याळाची घाई नव्हती.

"तुह्यं इंटरनॅशनल गेलं माह्यापायी," मी कशीबशी म्हटलं.

"वरसभराचंच तं आहे," तो म्हणाला. "आन् एकदा एकाकडून खेळलं का... नियम तूच सांगतला."

मी हसले की रडले, मलाच माहीत नाही.

"ये," मी म्हटलं. "ये न आत. उभा काहून आहेस?"

बाबांनी मान हलवली, जशी ते पोतं उतरल्यावर हलवायचे.

"आता धरलं," ते म्हणाले.

चंदनने दुसरी चप्पल काढली.